एक दिवसाच्या ट्रेकमध्ये गट विखुरतो. सर्वांना एकत्र कसे ठेवावे?

प्रश्न

आमच्या विद्यापीठाचे गिर्यारोहण मंडळ नियमितपणे एक दिवसाचे ट्रेक काढते. नाव नोंदवणाऱ्यांत सतत डोंगर चढणारे असतात, तसेच पाठीवर प्रथमच सॅक घेणारेही असतात. चढण लागताच गटाच्या दोन-तीन तुकड्या पडतात. पुढचे एखाद्या वळणावर बसून पाणी पितात, गप्पा मारतात आणि मागचे धापा टाकत तेथे पोहोचले की ‘चला, आले सगळे’ म्हणून लगेच उठतात. म्हणजे विश्रांतीची ज्यांना सर्वाधिक गरज असते त्यांनाच ती मिळत नाही. यंदा संयोजनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. भरभर चालणाऱ्यांचा विरस न होता गट एकत्र राहील अशी पद्धत जाणकारांनी कृपया सुचवावी.

प्रतिसाद १

थांबण्याची ही रीत सर्वांत आधी बदला. शेवटचा माणूस येऊन खाली बसला की तेथून विश्रांतीची वेळ मोजायची आणि निघण्याचा इशारा मागच्या लीडरने द्यायचा. नवख्यांना पुढच्या लीडरच्या अगदी पाठोपाठ चालवा, म्हणजे वेग आपोआप त्यांच्या बेताचा राहतो आणि आपण मागे पडलो ही भावना त्यांच्या मनात येत नाही.

सर्वांत अनुभवी माणूस हौसेने पुढे धावतो, असे बऱ्याच गटांत दिसते. माझ्या मते त्याची जागा शेवटी आहे, कारण दमछाक होणे, पाय मुरगळणे, वाट चुकणे हे बहुतेक मागेच घडते. प्रथमोपचाराची पेटीही त्याच्याकडेच असावी. मागून येणारा माणूस वाटेत बसलेल्या जखमीपर्यंत चालत चालत पोहोचतोच. पुढे गेलेल्याला मात्र हाका मारून परत बोलवावे लागते. वाट जेथे फुटते तेथे प्रत्येकाने आपल्या मागचा माणूस नजरेस पडेपर्यंत थांबायचे, एवढा नियम निघतानाच सांगून ठेवा.

प्रतिसाद २

वरील सूचना योग्यच आहेत, परंतु गट फुटण्याचे मूळ पुष्कळदा वेळेच्या चुकीच्या अंदाजात असते. उशीर होत आहे असे वाटू लागले की पुढचे आणखी घाई करतात. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किलोमीटरच्या वाटेवर एकूण ६०० मीटर चढ असेल तर ३ तास २४ मिनिटे होतात. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. मिश्र गटासाठी मी त्यात निम्मी भर घालून सुमारे पाच तास धरतो आणि जेवणाचा वेळ वेगळा ठेवतो.

त्यावरून, उजेड असताना खाली पोहोचता येईल अशा बेताने माघारी फिरण्याची वेळ ठरवा आणि ती निघण्यापूर्वीच सर्वांना सांगा. ती वेळ झाली की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी फिरायचे. वर पोहोचल्यावर हा निर्णय घेऊ म्हटले तर तो कोणी घेत नाही.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे वेगळे आहे. मोठ्या गटाला दिवसभर एकाच वेगाने चालवणे दोन्ही बाजूंना जाचक होते. वाटेत गट फुटणे धोक्याचे असले तरी सूचनापत्रातच दोन गट जाहीर करण्यात काहीच वावगे नाही, मात्र प्रत्येक गटाला पुढचा आणि मागचा असे स्वतःचे लीडर हवेत. सूचनेत ‘सोपा’ किंवा ‘मध्यम’ एवढेच न लिहिता अंतर, एकूण चढ आणि अपेक्षित तास द्या, म्हणजे कोणत्या गटात जायचे हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दोन गटांची कल्पना या सत्रातच अमलात आणतो. एक शंका उरते: अर्ध्या वाटेत एखाद्याने ‘मला आता जमणार नाही, मी हळूहळू खाली उतरतो’ असे म्हटले, तर त्याला जाऊ द्यावे का?

प्रतिसाद १

एकट्याला मुळीच नाही, वाट त्याच्या ओळखीची असली तरीही. थकलेल्या पायांचा तोल उतारावर अधिक जातो. त्याच्यासोबत एक लीडर उतरला पाहिजे आणि तरीही वरच्या गटाकडे दोन लीडर उरले पाहिजेत. म्हणून प्रत्येक गटामागे किमान तीन लीडर मिळत असतील तेवढीच नावे नोंदवून घ्या.