माळकरी वडील आणि फ्रीझरमधलं न कापलेलं चिकन

बुकितबातोककर

मंडळी, हा प्रश्न विज्ञानाचा आहे की धर्माचा, मलाच कळेना, म्हणून इथे टाकतोय.

आम्ही सिंगापूरला असतो, गाव सातारा जिल्ह्यातलं. अण्णा (वडील, वय ७३) दोन महिन्यांसाठी आलेत. १९९४ ला त्यांनी पंढरपुरात माळ घातली. त्याआधी जत्रेत बोकडाच्या वाट्यावरून भावकीशी भांडणारा माणूस. माळ घातल्यापासून अंडं घातलेला केकसुद्धा नाही. आमच्याकडे ज्या कढईत चिकन होतं तिला हात लावत नाहीत, स्वतःचं पातेलं गावाहून घेऊन आलेत.

इथे डेम्प्सीला ह्यूबर्स म्हणून मटणाचं मोठं दुकान आहे. मे २०२४ पासून तिथे प्रयोगशाळेत वाढवलेलं चिकन पाकिटात मिळायला लागलं. तेव्हा १२० ग्रॅमला ७ डॉलर २० सेंट. सिंगापूरने याला डिसेंबर २०२० मध्येच परवानगी दिली होती, जगात सगळ्यात आधी, पण घरी आणून शिजवायची सोय २०२४ मध्येच झाली. मी हौसेने एक पाकीट आणून फ्रीझरात टाकलं, आणि मटार शोधताना ते नेमकं अण्णांच्या हाताला लागलं.

"हे कसलं रं?"

मी नको तेवढं खरं सांगितलं. कोंबडीच्या पेशी घेतात, टाकीत वाढवतात, कोंबडी कापत नाहीत. अण्णा पाकीट हातात घेऊन खुर्चीत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मंग ह्यात मेलं कोण?"

मला सांगता आलं नाही. त्यांना ते खायचंय असं मला वाटत नाही. पण संध्याकाळी परत तेच विचारलं, तेव्हा जरा चमकलो. जाणकारांनी सांगा, खरंच कोण मेलं?

पेट्रीडिशवाली

अण्णांना नमस्कार सांगा. १४ वर्षं पुण्यात पेशी वाढवण्याचीच नोकरी करते, पण औषधांसाठी. इतका नेमका प्रश्न मला अजून कोणी विचारला नव्हता.

आधी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. त्यात टाकीतल्या पेशी फक्त ३ टक्के आहेत, बाकी वनस्पतीची प्रथिनं वगैरे. म्हणजे सात डॉलरात तुम्ही बहुतेक सोयाच्या चुलतभावाला घरी आणलंय.

आता त्या ३ टक्क्यांत कोण मेलं ते. सर्वसाधारण पद्धत अशी, की जिवंत जनावराचा तिळाएवढा तुकडा काढतात, किंवा आधीपासून साठवलेल्या पेशी घेतात. त्यांना स्टीलच्या बंद टाकीत, अंगाच्या उबेएवढ्या उबेत, साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं असलेल्या पाण्यात ठेवतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. या पेशींना ना कातडी, ना रोगप्रतिकारशक्ती. टाकीत एक जिवाणू शिरला तर तो पेशींपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो आणि सगळं जेवण तोच खातो. मी आधी होते तिथे एका सैल झडपेपायी अख्खी टाकी ओतून द्यावी लागली होती. त्या रात्री घरी येऊन कुणाशी बोलले नाही. मांस महाग का आणि ३ टक्केच का, याचं निम्मं उत्तर या झडपेत आहे.

दोन गोष्टी मात्र अण्णांना सांगाच, लपवू नका.

एक, सीरम. पेशी वाढवायला आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं वासराच्या गर्भाचं सीरम वापरतात. गाभण गाय कत्तलखान्यात आली की पोटातल्या वासराच्या हृदयातून रक्त काढतात, त्याचं ते बनतं. सिंगापूरला २०२० साली जे चिकन आलं, त्यातही सुरुवातीला हे वापरत होते. पुढे त्याच कंपनीला सीरमशिवाय वाढवायची परवानगी मिळाली, जानेवारी २०२३ मध्ये. तेव्हा तुमच्या पाकिटात वासरू नसावं.

दोन, पेशी मुळात कुठल्या. या कंपनीने अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाला दिलेल्या कागदांत पेशींच्या वाणाचं नाव आहे. तो वाण निघाला डीएफ-१ पासून, आणि डीएफ-१ निघाला कोंबडीच्या दहा दिवस उबलेल्या अंड्यातल्या गर्भापासून. अमेरिकेत, काही दशकांपूर्वी. नेहमीच्या पेशी ठरावीक वेळा दुभंगून थकतात, या थकल्या नाहीत. तेव्हापासून त्याच चालल्यात.

तर कोंबडी मेली नाही. अंडी फोडली गेली, फार पूर्वी, आणि तीही दुसऱ्याच कामासाठी.

खाटीकगल्ली

कोल्हापुरात आमची तिसरी पिढी दुकानात. ताई, शास्त्र पटलं. पण एक सांगा, त्या टाकीत हाड वाढतंय का?

गिऱ्हाईक येतं ते काय मागतं? "सीना दे, चाप दे, नळी टाक, चरबी थोडी ठेव." कुणाला मुंडी, कुणाला पाया, बाळंतिणीला सूप करायला वेगळं. पांढरा रस्सा हाडाच्या अळणीवर उभा असतोय, नुसत्या मऊ लगद्यावर नव्हं. मालकाने घरचा बोकड आणला तर मी पाठीवर हात फिरवून सांगतो किती भरंल. टाकीच्या कुठल्या पाठीवर हात फिरवू?

आणि धनगराचं काय, ते कुणीच काढत नाही. इटलीनं २०२३ ला याच्यावर बंदी घातली, अमेरिकेत फ्लोरिडानं मे २०२४ मध्ये, ती शेतकऱ्यांचं नाव पुढं करूनच. आपल्याकडं एवढ्यात येत नाही म्हणून गप बसलोय.

बाकी अण्णांचा सवाल एक नंबर. आमचे आजोबा सोमवारी सुरी धुऊन ठेवायचे ती मंगळवारपर्यंत हातात घ्यायचे नाहीत. मेलं कोण ते त्यांना ठाऊक असायचं.

पेट्रीडिशवाली

हाड नाही वाढत दादा, तुमचा धंदा अजून शाबूत आहे. कीस करता येतो, खिमा करता येतो. २०१३ ला लंडनमध्ये डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांचा पहिला बर्गर तळून दाखवला गेला, तोही खिमाच. स्नायूंचे हजारो बारीक धागे एकत्र दाबलेले, खर्च अडीच लाख युरो. जाड तुकडा करायचा तर आतल्या पेशींना प्राणवायू पोचत नाही, रक्तवाहिन्या नसतात ना. आधाराला सांगाडा द्यावा लागतो, तिथेच सगळे अडलेत.

देवगडची

मटण राहू दे, सुरमईचा बोला! जानेवारी २०२४ मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने दिल्लीच्या एका कंपनीबरोबर करार केलाय, मासे असेच प्रयोगशाळेत वाढवायचे म्हणून. पापलेटाचंही नाव होतं त्यात. काटा नसलेली सुरमई म्हणजे आमच्या मुंबईच्या जावयाची सोय. मी नाही खाणार.

थोरलीसून

विषय भलतीकडे चाललाय. माझ्या सासूबाई माळकरी. एकदा सोयाच्या वड्यांची भाजी केली, चांगली मसाला लावून. ताटात बघितली आणि ताट सरकवलं. "डाळीचीच आहे हो," म्हटलं. म्हणाल्या, "डाळीची असू दे, तुला ती कशासारखी करावी वाटली?" तेव्हापासून आमच्याकडे सोया बंद.

सिंगापूरच्या मुस्लिम धर्मपरिषदेने यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये रीतसर फतवा दिला, की पेशी हलाल प्राण्याच्या असल्या, बाकी घटकही हलाल असले, तर चालेल. वारकऱ्यांत असं ठरवणार कोण? ज्याची माळ त्यालाच विचारा.

बुकितबातोककर

सगळ्यांचे आभार. काल रात्री पेट्रीडिश ताईंचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला, सीरमसकट. वासराचं आलं तेव्हा डोळे मिटून घेतले, पण "पुढं वाच" म्हणाले.

अंड्याशी आलो तर म्हणाले, "किती दिवसाचं?"

दहा, म्हटलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. लहानपणी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, की कुठली अंडी धरली आणि कुठली वाया गेली हे बघायचं काम आजीने त्यांच्याकडे दिलेलं. अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे बॅटरी धरायची. वाया गेलेलं स्वच्छ दिसतं. धरलेल्यात तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. "आणि धाव्या दिवशी," अण्णांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत नसलेलं अंडं धरलं, "आत हालतंय ते. डोळा काळा दिसतो."

त्यावर मी काही बोललो नाही. त्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "तुमी खावा. माझी आमटी आधी उतरवून घेतो, मग लाव तुझी कढई."

खाल्लं मी. खाटीकगल्ली दादा, चिकनसारखं लागतं, पण आदल्या दिवशीच्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं म्हणून निभावलं.