पंपाशेजारची विहीर साफ झाली, हे ठरवतं कोण?

तापीकाठचा
गावाकडच्या ग्रुपवर काल एका शहाण्यानं लिहिलं, "पेट्रोल पाण्यावर तरंगतं. वरचं काढा, खालचं वापरा. पंपांवर सरकारचं लक्ष असतं, बोंबाबोंब नको." वाचून डोकं उठलं.

तरंगतं, कबूल. पण त्यातलं बेंझिन, कॅन्सर करणारं रसायन, पाण्यात विरघळतं आणि दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात लिटरला फार तर १० मायक्रोग्रॅम म्हणते. आपल्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. करा हिशेब.

आमच्या बांधाला हायवे, हायवेला पंप. एका उन्हाळ्यात विहिरीला वास सुटला, बादलीत रंगीत तवंग. माणसं आली, टँकरनं वरचं ओढून नेलं, उरलेली विहीर उपसून पाणी नाल्यात सोडलं. (नाल्यात!) वास गेला, फाईल बंद. पोळ्याच्या सुमारास पाणी चढलं आणि वास परत हजर.

लक्ष कोणाचं? परवाना नागपूरच्या पेसोचा, म्हणजे केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा खात्याचा, त्यांना काळजी स्फोटाची. ना-हरकत कलेक्टरची. पाण्याचा विषय प्रदूषण मंडळाकडे, भूजल आणखी तिसऱ्याकडे. "ही विहीर साफ झाली" असं सही-शिक्क्यानिशी लिहून देणारा साहेब दाखवा, माझ्याकडून भरीत पार्टी.

डीपरॉड
पंपावर आमची दुसरी पिढी. रोज सकाळी डीप घेतो, म्हणजे टाकीत रॉड बुडवून साठा मोजतो, टोकाला पेस्ट लावून. टाकीत पाणी असलं तर पेस्टचा रंग बदलतो. घनता, साठा, विक्री, सगळं रजिस्टरला. लिटरमागं कमिशनवर जगणारा माणूस पेट्रोल जमिनीत जिरू देईल का? टाक्या, पाइपलाइन बहुतेक ठिकाणी कंपनीच्या, शिव्या मात्र आम्हाला. २०२० पासून शाळा, दवाखाना, वस्तीपासून पंप ५० मीटर लांब ठेवायचा नियमही आहे. आणि केळीला पोत्यानं युरिया देता, त्याचं नायट्रेट कोणत्या पंपातून येतं? रस्त्यालगतची जमीन पंपाला द्यायला हीच मंडळी रांगेत असतात.

तापीकाठचा
तो नियम नव्या पंपांना. आमच्या शेजारचा त्याच्या कितीतरी आधीचा. आणि माझी विहीर ना शाळा, ना दवाखाना. युरियाचा वेगळा धागा काढा, तिथंही येतो.

चोपडेकर
डीपरॉडभाऊ, पेस्ट राहू द्या, ई२० चं, त्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं बोला. माझ्या गाडीचं ॲव्हरेज पार बसलं.

डीपरॉड
ते आम्ही मिसळतो का? डेपोतूनच तसं येतं. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून त्या पाण्यासोबत तळाला बसतं. मग गाडी बंद पडते आणि लोक आमची कॉलर धरतात.

साक्रीवाला
इथेनॉलला नावं ठेवू नका. मक्याला गिऱ्हाईक मिळालं त्याच्यामुळं. तुमचं ॲव्हरेज मोठं की शेतकऱ्याचं पोट?

चोपडेकर
मका मीही लावतो भो. हमीभाव कागदावर, हातात काय पडतं ते मार्केट यार्डात येऊन बघा. उगीच शेतकऱ्याच्या नावानं गळा काढू नका.

साक्रीवाला
गळा कोण काढून राह्यलं? मोटरसायकलसाठी रडणारे तुम्ही.

काळा दगड
भांडण झालं असेल तर मूळ गोष्ट. इथेनॉलचा इथं संबंध आहे, पण ॲव्हरेजशी नाही. जमिनीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात, प्राणवायू तिथंच संपतो, बेंझिन तसंच राहतं आणि लांब जातं.

तापीकाठचा म्हणतात तो परतलेला वास अगदी अपेक्षित. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, पेट्रोल मातीला चिकटून राहतं. पाणी चढलं की सुटतं. म्हणून एकदा उपसून काही होत नाही. निरीक्षणाच्या बोअर मारून मे आणि ऑक्टोबर, दोन्हीला तपासायला हवं. रावेर-यावलच्या गाळात ते एका तऱ्हेनं पसरतं. साक्रीकडच्या काळ्या दगडात भेग नेईल तिकडे जातं. तिथं ५० मीटरची टेप कामाची नाही.

साक्रीवाला
तपासणीचं तर बोलूच नका. आमच्याकडे नमुना घ्यायला आलेल्यानं प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धं पाणी भरलं, डिकीत टाकलं, वाटेत चहा घेतला. रिपोर्टात पीएच, क्षार, जडपणा, जंतू. शेरा: पिण्यास योग्य. सरपंचांनी तो फ्रेम करायचाच बाकी ठेवला.

काळा दगड
बेंझिन उडून जातं. काचेच्या कुपीत तोंडापर्यंत, हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात न्यावं लागतं. आणि ते तपासा असं अर्जात लिहावं लागतं. नाहीतर कोणी तपासत नाही.

वकील, धुळे
लिहून काय होतं तेही ऐका. राजस्थानातल्या बिछडीत विहिरी रसायनांनी नासल्या. १९९६ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, नासवणारा पैसे भरेल. २०११ मध्ये त्याच पैशांवर कोर्ट पुन्हा निकाल देत होतं. तरी सांगतो: जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांचे केंद्राचे नियम आले. संशयित जागा स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं कळवायची, मग राज्य प्रदूषण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. आणि हरित लवादाकडे भरपाई मागायची मुदत पाच वर्षं आहे, वास पहिल्यांदा कधी आला ते आठवा.

डीपरॉड
ठराव घ्या, माझी ना नाही. माझ्या पंपालगत बोअर मारायची असेल तर मारा, पण कंपनीच्या पैशानं. आणि पाणी चांगलं निघालं तर तेही गावभर सांगा, तेवढीच मेहेरबानी.

तापीकाठचा
सांगू की, दवंडी पिटवू. आधी तुमची डीपची रजिस्टरं ग्रामसभेत आणा.

डीपरॉड
ती कंपनीची परवानगी घेऊन.

चोपडेकर
म्हणजे नाहीच आणणार. बरं, ई०, म्हणजे बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळणारा पंप कुठं आहे का जवळपास?