शब्द हवाय : स्टेकहोल्डर आणि कोलॅबरेशन

एका लेखाचं भाषांतर करतेय. सरकारी यंत्रणा आणि स्टेकहोल्डर (म्हणजे एखाद्या निर्णयाचा ज्यांच्यावर बरावाईट परिणाम होतो ते सगळे) यांचं कोलॅबरेशन नीट चालायला काय काय लागतं असा विषय आहे. 'भागधारक' आणि 'सहकार्य' टाकून मोकळी झाले होते, पण परत वाचताना दोन्ही खटकतायत. सुचवा ना काहीतरी.

*

भागधारक नकोच, तो शेअरहोल्डर. तिथे जितके शेअर तितकी मतं आणि इथे म्हणायचंय नेमकं उलटं, की ज्याच्याकडे पैसा, माणसं, माहिती कमी त्याचंही म्हणणं तेवढंच ऐकलं गेलं पाहिजे. गंमत म्हणजे इंग्रजीत स्टेकहोल्डर म्हणजे आधी पैज लावणाऱ्यांचे पैसे सांभाळणारा तिऱ्हाईत, म्हणजे ज्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नाही तो!

*

मग 'हितसंबंधी' काय वाईट आहे?

*

वास येतो हो त्याला. 'त्यांचे यात हितसंबंध गुंतलेत' असं आपण कौतुकानं म्हणतो का कधी? हितधारक हिंदीतून आलाय पण सरकारी कागदांत रुळलाय, मी मात्र 'संबंधित घटक' लिहितो, कोरडा आहे पण कोणाला टोचत नाही.

खरी गोची 'सहकार्य'ची आहे. 'काम चालू आहे, नागरिकांनी सहकार्य करावे' या पाटीत सहकार्य म्हणजे काय, तर आम्ही ठरवलंय, तुम्ही सोसा. अन्सेल आणि गॅश या अभ्यासकांनी २००८ साली अशा कोलॅबरेशनची १३७ प्रकरणं तपासून जो निबंध लिहिला त्यातली त्याची व्याख्या बघा, सरकारी यंत्रणेनं पुढाकार घ्यायचा, बाहेरच्या लोकांनी थेट निर्णयात बसायचं, आणि रोख सहमतीकडे. नुसती मतं मागवली तर ते यात बसतच नाही. निर्णयात लोकांचा सहभाग खरोखर किती हे मोजायला आर्नस्टाइनबाईंनी १९६९ मध्ये मांडलेल्या आठ पायऱ्यांच्या शिडीतही सल्लामसलत चौथ्या पायरीवर आणि भागीदारी सहाव्या. मधल्या पाचवीला मी 'बोळवण' म्हणतो, कमिटीत दोन खुर्च्या द्यायच्या आणि ठरवायचं आपणच.

*

आणि ते 'सहमती'च ठेवा हं, 'एकमत' नको. एकमत म्हणजे सगळ्यांना तेच वाटतं, सहमती म्हणजे मला पूर्ण पटलं नाही पण चालेल, मी आडवा येणार नाही. तीसुद्धा दरवेळी होतेच असं नाही, प्रयत्न तिकडे असला म्हणजे झालं.

*

थँक्यू! अजून एक, लेखात 'परस्परावलंबित्व' पाच वेळा आलंय. बरोबर आहे पण वाक्य तिथेच बसकण मारतं.

*

'एकमेकांवाचून अडणं' लिहा की. अडला हरी म्हणतो ना आपण, तसंच, फक्त इथे दोन्ही बाजू हरी पाहिजेत. एकाला कोर्टात जाऊन हवं ते मिळणार असेल तर तो बैठकांमागून बैठका कशाला करेल? आधीचं भांडण असलं की एकत्र येणं अवघडच, पण त्याच निबंधात म्हटलंय की एकमेकांवाचून फारच अडत असेल किंवा विश्वास बसावा म्हणून मुद्दाम पावलं उचलली तर तसे लोकही येतात. माझ्या मते तुमच्या लेखाचा अर्धा जीव याच शब्दात आहे, त्याला जरा नीट मराठी द्या.

*

बरं, मग शीर्षकात कोलॅबरेशनसाठी 'मिळून निर्णय', आत 'संबंधित घटक' आणि 'एकमेकांवाचून अडणं'. 'सहकार्य' एकाच जागी ठेवतेय, जिथे लेखक माना डोलवायला बोलावणाऱ्या खात्यांवर टीका करतो तिथे.