सायकल ट्रॅकला पैसा आला तर बेळगावात आधी कुठं घालावा?

वडगावकर_०७
नमस्कार मंडळी. मी उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे, वडगावहून अनगोळच्या चौथ्या रेल्वे गेटवरनं रोज सायकलनंच जाणं-येणं. आमच्या गल्लीतल्या मंडळानं ठरवलंय की सायकल ट्रॅकसाठी नगरसेवकांना निवेदन द्यायचं आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मीटिंगमध्ये जो तो म्हणतोय काँग्रेस रोडला मागूया, झाडं हायत, सावली हाय, फोटो बरे येतात. मला ते पटेना, पण मग मागायचं तरी काय ते पण सुचेना. बाहेर कुठं कसं केलंय कुणाला माहीत असलं तर सांगा की.

टिळकवाडी_रायडर
काँग्रेस रोडला काय वाईट आहे ओ? आम्ही रविवारी पहाटे ८-१० जण हिंडलगा, सुळगा, उचगाव करून येतो, शहरात शिरलं की जीव मुठीत. एक रस्ता तरी धड होऊ दे, बघून लोक सायकल काढतील.

पुण्यात_अडकलेला
रविवारी पहाटे रस्ता तसा पण मोकळाच असतो भावा 😄 गंमत केली, रागावू नकोस.
पुण्याचं सांगतो. इथं बीआरटीच्या, म्हणजे बसला वेगळी लेन केली त्या वेळचे सायकल ट्रॅक आहेत, कुठं त्यावर टपरी, कुठं पार्किंग, मधेच विजेची डीपी, आणि चौक आला की ट्रॅक गायब. म्हणजे जिथं गाडी अंगावर यायची भीती सगळ्यात जास्त तिथंच काही नाही. २०१७ ला महापालिकेनं सगळ्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, कागदावर चांगला आहे, पण मी ऑफिसला बाईकनंच जातो, काय ते समजून घे. किती किलोमीटर झाले ते मोजू नका, तुटला कुठं ते बघा.

येळ्ळूरचा_गडी
मला आठवीत सरकारी सायकल मिळालेली, कर्नाटकात २००६-०७ पासनं ती स्कीम होती, तेव्हा येळ्ळूरहून आम्ही पोरं लाईन लावून शाळेला जायचो, तीच सायकल पुढं बाबांनी शिफ्टला वापरली. आता त्याच रस्त्यानं जायचं तर खडीचे डंपर इतके की घरचे म्हणतात गाडी घे हप्त्यावर. ट्रॅक बिक राहू दे, मागं पावसाळ्यात मी पडलो ते गटारीच्या जाळीमुळं, जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनंच उभ्या, पुढचं चाक बरोबर फटीत गेलं, दोन टाके. जाळी आडवी बसवली असती तर काय जास्त खर्च येणार होता? आणि रात्री सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा दिवे लागतात का ते पण लिहा. आमच्याकडचा पाऊस माहीत आहेच, खड्डा पाण्यात दिसत नाही.

प्लॅनिंगची_विद्यार्थिनी
वडगावकर दादा, स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं उदाहरण द्या. उन्हाळा आपल्यापेक्षा कडक, आणि सायकल जवळजवळ कुणी चालवतच नव्हतं. त्यांनी २००६-०७ च्या सुमारास साधारण ८० किमीचं जाळं एकदम, एकमेकाला जोडून बांधलं, बरीचशी जागा पार्किंगची काढून घेतली आणि गाड्या नि सायकलींच्या मधे अडथळा ठेवला. थोड्याच वर्षांत सायकली कितीतरी पटीनं वाढल्या. उलट बेंगळुरूला २०२० मध्ये आउटर रिंग रोडवर प्लास्टिकचे खांब लावून लेन केली होती, खांब गाड्यांनी मोडले आणि लेनमध्ये दुचाक्या शिरल्या. नुसता पट्टा रंगवून देतो म्हणाले तर घेऊ नका.
आणि रेल्वे गेटवर नवा पूल मागणार असाल तर जपून हं. गाडीवाल्याला गेटवर थांबायचं वाचतं, सायकलवाल्याला चढ मिळतो.

टिळकवाडी_रायडर
पुलाचं खरं आहे. तिसऱ्या गेटच्या पुलावर गिअरची सायकल असून दम लागतो, मागं डबा लावलेल्यांचं काय होत असेल. बरं, काँग्रेस रोड दुसऱ्या नंबरला टाका, पण टाका 🙏

वडगावकर_०७
सगळ्यांचे आभार. असं लिहूलालोय: पहिलं, वडगाव-अनगोळ-उद्यमबाग आणि येळ्ळूरची बाजू, शिफ्टचे लोक आजच सायकलवर आहेत तो रस्ता, मधे न तोडता, चौकातनं पण. दुसरं, जाळ्या आडव्या आणि दिवे, याला ट्रॅकची वाट बघायची गरज नाही, याच पावसाळ्याआधी करा. तिसरं काँग्रेस रोड, रायडर साहेबांसाठी. कन्नडमध्ये कोण लिहून देईल का? मराठी आणि कन्नड दोन्ही प्रती जोडतो, नायतर अर्ज कुठल्या भाषेत यावरच सहा महिने जातील.

प्लॅनिंगची_विद्यार्थिनी
मी देते दादा. मेसेज करा.