मदत हवी आहे: एक चूक निघाली की फॉर्ममधला तालुका उडतो, काढलेली टिक परत लागते (लारावेल)

नमस्कार मंडळी,

एका शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज तयार करतोय. लारावेल (पीएचपीत वेबसाइट बनवायची चौकट), ब्लेड (तिच्यातले पानांचे साचे) आणि थोडं साधं जावास्क्रिप्ट. भरणारी मुलं बहुतेक खेड्यांतली, तीही मोबाइलवरून. अर्ज लांबलचक आहे, शेवटी 'शिष्यवृत्ती का हवी' हा मोठा मजकूरही लिहायचा आहे. एका रकान्यापायी बाकीचं पुन्हा भरावं लागलं तर पोरं कंटाळून सोडून देतील, आणि खरी गरज असलेलेच बाहेर राहतील. म्हणून हे नीट व्हायलाच हवं.

साध्या रकान्यांचं जमलंय. व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणी, फसलं की विथइनपुटने भरलेल्या माहितीसकट मागे पाठवतो आणि ती माहिती वाचणाऱ्या ओल्ड फंक्शनने नाव, पत्ता, मजकूर सगळं परत दिसतं. अडलंय ते पुढे.

जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी एजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता मागून, येते. पान परत आल्यावर जिल्हा बरोबर असतो, तालुका रिकामा. यादी देणाऱ्या कंट्रोलरमध्ये (सर्व्हरवरच्या कोडमध्ये) ओल्ड वापरून पाहिलं तर नल, म्हणजे काहीच नाही, मिळतं.

'कायमचा पत्ता हाच' हा चेकबॉक्स सुरुवातीला टिक केलेला ठेवलाय, त्यासाठी ओल्डला डिफॉल्ट ट्रू दिलंय, म्हणजे जुनं उत्तर सापडलं नाही तर टिक धरायची. मुलीने टिक काढली आणि चूक भलतीकडेच निघाली, तरी परत येताना टिक लागलेली असते. मला हे सगळ्यात घातक वाटतं. रकाना रिकामा झाला तर निदान दिसतो तरी. इथे तिचं उत्तरच बदलतं आणि तिला पत्ताही लागत नाही.

शिवाय गुणपत्रिकेची पीडीएफ दरवेळी नव्याने निवडावी लागते. यावर काही उपाय आहे का?

नीलमोहर:
विथइनपुटने माहिती सेशनमध्ये (सर्व्हर त्या वापरकर्त्यासाठी ठेवतो त्या नोंदीत) फ्लॅश होते, म्हणजे फक्त पुढच्या एका रिक्वेस्टपुरती टिकते. ती रिक्वेस्ट म्हणजे परत उघडलेलं पान. तुमचं एजॅक्स त्याच्या मागून जातं, तोवर फ्लॅश संपलेला असतो. जुना तालुका ब्लेडमध्येच वाचा. त्याहून बरं म्हणजे जिल्हा माहीतच आहे, तर त्याचे तालुके सर्व्हरनेच पानात भरून द्यावेत आणि एजॅक्स फक्त जिल्हा बदलल्यावर चालवावं. रेंज कमी असेल तिथे एक फेरी वाचते.

टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. ओल्डला त्या नावाने काही सापडत नाही, मग तो डिफॉल्ट देतो. चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचा हिडन इनपुट (न दिसणारा रकाना) ठेवा, व्हॅल्यू ०. टिक असेल तर नंतर आलेला १ धरला जातो, नसेल तर ० पोचतो.

फाइलचा रकाना मात्र सर्व्हरला भरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोणतंही पान फोनमधली फाइल न विचारता उचलेल. फाइल बाकीच्या रकान्यांपासून वेगळी तपासा. ती ठीक असेल तर खाजगी डिस्कवर तात्पुरती ठेवा आणि तिचा पाथ (ती कुठे ठेवली ते) सेशनमध्ये लिहा, हिडन रकान्यात नको. पानावर 'गुणपत्रिका मिळाली आहे, बदलायची असल्यास नवी निवडा' असं दाखवा आणि तेव्हा फाइल सक्तीची करणारा रिक्वायर्डचा नियम काढा. पडून राहिलेल्या फाइली रोज रात्री शेड्यूलरने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीने) पुसा.

अर्धविराम:
मुळात चुका कुठे निघतात तेही बघा. पिनकोडला डिजिट्सचा नियम लावला असेल तर तो फक्त इंग्रजी अंक घेतो. मराठी कीबोर्डवरून कोणी ४१५००१ लिहिलं की पान मागे येणार, आणि त्या मुलाला काय चुकलं ते कळणारही नाही. व्हॅलिडेशनच्या आधीच, प्रिपेअर फॉर व्हॅलिडेशनमध्ये, अंक बदलून घ्या. गुण आणि मोबाइल नंबरलाही तेच.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. हिडन इनपुटने टिकचं काम झालं, तालुकेही आता पानातूनच येतात. पिनकोडला डिजिट्सच लावलंय, ते आज बदलतो. फाइलसाठी एक विचारायचं होतं: गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला अशा दोन फाइली असतील आणि एकच ठीक निघाली, तर ती ठेवून फक्त दुसरी मागायची ना?

नीलमोहर:
हो. प्रत्येक फाइलचा पाथ सेशनमध्ये वेगळ्या नावाने ठेवा.