शेठनी युनिव्हर्सिटी काढली, म्हणून हिशेब विचारायचा नाही?

कोठीवरचा कारकून
काल इथे एकाने पोस्ट टाकली. बडोद्याबाहेरच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीच्या संस्थापकांना कसलासा जीवनगौरव मिळाला, फोटोत शाल, श्रीफळ, चांदीची गदा (गदा का, ते मारुतीरायालाच माहीत), आणि खाली ओळ, "ज्यांनी माळरानावर विद्येचं नंदनवन फुलवलं त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतः एक बालवाडी काढून दाखवा." दोनशेच्या वर लाईक. मी काही बालवाडी काढलेली नाही, पण बत्तीस वर्षं एका सीएच्या ऑफिसात ट्रस्टांच्या वह्या तपासल्यात, तेव्हा थोडं बोलतो.

गेल्या जूनमध्ये भाचीच्या ॲडमिशनला गेलो होतो. कुठे ते विचारू नका, तिला अजून दोन वर्षं काढायचीत. खिडकी एक, पावत्या तीन. पहिली ट्यूशन फीची, युनिव्हर्सिटीच्या नावाची. दुसरी होस्टेल-मेसची, कुठल्याशा एलएलपीची (म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी फर्म). तिसरी 'स्किल एन्हान्समेंट'ची, ती तिसऱ्याच प्रायव्हेट लिमिटेडची, वर १८ टक्के जीएसटी. शिक्का मारणारा तोच, पेन तेच, जांभळी शाई तीच. मी विचारलं, भाई ही एलएलपी कोणाची? तर म्हणतो, "काका, पाछळ लाइन छे." (मागे लाइन आहे.)

हे आहे सगळं. कायदा म्हणतो की शिक्षणसंस्था नफ्यासाठी नाही. २००५ मध्ये इनामदार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कॅपिटेशन (प्रवेशासाठी वरून उकळलेले पैसे) नाही, नफेखोरी नाही, संस्थेच्या वाढीपुरती वाजवी शिल्लक चालेल. आता गंमत बघा, नफा ट्रस्टमध्ये दिसतच नाही कधी. जमीन सुनेच्या नावाची, भाडं ट्रस्ट भरतो. बसेस मेव्हण्याच्या. मेस भाच्याची. सॉफ्टवेअर जावयाच्या कंपनीचं. वर्षअखेर ट्रस्टकडे उरतं ते एवढंसं, कागद धुतल्यासारखे स्वच्छ. आयकराच्या १९६१च्या कायद्यात (मार्च २०२६ पर्यंत चालला तो) कलम १३ होतं, संस्थापकाला नि त्याच्या गोतावळ्याला ट्रस्टमधून वाजवीपेक्षा जास्त दिलं तर करमाफी जायची. पण वाजवी म्हणजे किती, ते लिहून देणारा व्हॅल्युअर (किंमत ठरवणारा) आणतो कोण? शेठच आणतो.

शेठ माणूस देव असेल, मला काय त्याचं. ती एलएलपी कोणाची, एवढंच सांगा.

बडोदेकर ७१
झालं सुरू. कोणी काही उभं केलं की आमच्या लोकांच्या पोटात दुखतं. साहेब, सरकारने गेल्या तीस वर्षांत बडोद्यात काय काढलं ते सांगा आधी. माझ्या मुलाला बारावीला ६८ टक्के. २०२४, जीकॅस पोर्टलचं (गुजरातच्या सरकारी ऑनलाइन ॲडमिशनचं) पहिलं वर्ष, एमएसयूत (आपल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत) कॉमर्सला लोकल पोरांच्या जागांवरून आंदोलनं चाललेली, हा पोरगा दीड महिना रोज मोबाईल उघडून बघायचा नि बंद करायचा. ज्या घुमटाखाली त्याचे आजोबा शिकले, मी शिकलो, तिथे त्याला जागा नाही. तेव्हा त्या 'शेठ'नेच घेतला, तुमच्या कलम १३ ने नाही. आज तिसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप चालू आहे. भाडं सुनेला जातं की सासूला, मला काय करायचंय.

मास्तरीण
मुलाचं चांगलं झालं, आनंद आहे. पण त्याला शिकवणाऱ्यांना काय मिळतं ते कधी विचारलंत? मी अशाच एका कॉलेजात सहा वर्षं होते, नाव घेत नाही. पगार खात्यात पूर्ण यायचा, स्लिप एकदम सातव्या वेतन आयोगाची. मग पाच तारखेला एचआरमधली एक मुलगी वही घेऊन यायची, कोणी किती 'परत' द्यायचे त्याची. एटीएमला जाऊन अठरा हजार काढायचे नि पाकिटात घालून द्यायचे. पाकीट आपलं आणायचं! पहिल्या महिन्यात मी नुसत्या नोटा दिल्या तर म्हणाली, मॅडम, एनव्हलप? सोडताना ओरिजिनल मार्कशीट मागितल्या तर आज या, उद्या या, चार महिने. तोपर्यंत दुसरी नोकरी गेली हातची. मुलांचे ओरिजिनल दाखले अडकवायचे नाहीत असं यूजीसीने २०१८ मध्ये कॉलेजांना बजावलं, आमचे शिक्षकांचे कोण सोडवणार?

बडोदेकर ७१
ताई, हे वाईटच. पण मग सहा वर्षं राहिलात कशाला?

मास्तरीण
होम लोन. अजून काही?

दांडियाबाजार
मूळ मुद्दा असा की आपण बडोद्याचे लोक, आपल्याला संस्थापक म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, इंग्रजांना आपल्या मुलखात जमलं नाही ते. बाबासाहेबांना १९१३ मध्ये कोलंबियाला पाठवलं ते महाराजांनी. एमएसयू उभी आहे ती त्यांच्या पुण्याईवर. त्यांनी कधी मेसची पावती फाडली नाही. असा संस्थापक दाखवा आणि मग शाल पांघरा.

निम्मा गुजराती
काका, मुजरा. पण एक छोटी दुरुस्ती. सयाजीराव गेले १९३९ मध्ये, युनिव्हर्सिटी झाली ३० एप्रिल १९४९ ला आणि १ मे ला संस्थान मुंबई राज्यात विलीन. म्हणजे एक दिवस आधी! कल्पना आजोबांची, पण काढली नातवाने, प्रतापसिंहरावांनी. आणि प्रतापसिंहराव म्हणजे कोण, तर ज्यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात न्यूमार्केटला २८,००० गिनीला शर्यतीचं एक शिंगरू घेतलं, त्या वेळचा रेकॉर्ड, आणि त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. त्या सयाजीरावाने १९४७ ची सेंट लेजर शर्यत जिंकली. तिजोरीतून उचललेल्या पैशांची तक्रार दिल्लीपर्यंत गेली, १९५१ मध्ये भारत सरकारने महाराजांची मान्यताच काढून घेतली. आता बोला, आपल्या लाडक्या युनिव्हर्सिटीचा संस्थापक नैतिक की अनैतिक?

दांडियाबाजार
हा धागा प्रायव्हेट कॉलेजांचा आहे, राजघराण्याची नालस्ती करायला दुसरी जागा शोधा. मान्यता काढली ती राजेलोकांची संघटना बांधत होते म्हणून, घोड्यासाठी नाही. अर्धवट वाचून लिहायचं नि स्वतःला हुशार म्हणवायचं.

निम्मा गुजराती
संघटनेचंही खरं. पण तिजोरीचंही खरं, दोन्ही लिहून ठेवलेलं आहे. नालस्ती कुठे केली? घोडा जिंकला होता ओ.

दांडियाबाजार
आमचे पणजोबा खंडेराव मार्केटच्या कचेरीत होते, आम्हाला घरचं माहीत आहे.

बडोदेकर ७१
हेच तर म्हणतोय मी!! प्रतापसिंहरावांनी घोडे घेतले, पण युनिव्हर्सिटी दिली ना? पंचाहत्तर वर्षं पोरं शिकताहेत ना? मग माझ्या शेठने बस मेव्हण्याकडून घेतली तर एवढा गहजब का? उलट शेठने स्वतःचे पैसे घातले, महाराजांचे म्हणजे शेवटी रयतेचेच, शेतसाऱ्याचे.

कोठीवरचा कारकून
वा. महाराजांचे रयतेचे आणि शेठचे स्वतःचे. शेठने पहिल्या बिल्डिंगसाठी बँकेचं कर्ज काढलं, आणि हप्ता फीमधून गेला. म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. फरक एवढाच की रयतेला निदान माहीत होतं आपण सारा भरतोय.

आणि घोड्यांचा मुद्दा घेतलात ते बरं झालं. प्रतापसिंहरावांची गादी गेली, युनिव्हर्सिटीचा खडासुद्धा हलला नाही. का? कारण ती कायद्याने वेगळी उभी होती, सेनेट (जिथे उभं राहून प्रश्न विचारता येतात ती सभा), सिंडिकेट (कारभार बघणारं मंडळ), बाहेरचं ऑडिट. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, राजवाड्यातल्या कोणी नव्हेत. आता तुमच्या शेठकडे उद्या धाड पडली तर काय होईल सांगा. प्रेसिडेंट स्वतः, मुलगा व्हाइस प्रेसिडेंट, सूनबाई रजिस्ट्रारच्या डोक्यावर डायरेक्टर. प्रोव्होस्ट (कुलगुरूच) म्हणून एक रिटायर्ड प्रोफेसर बसवलेला, त्याला सहीचं पेनही मागून घ्यावं लागत असेल.

निम्मा गुजराती
हंसाबेन म्हणजे दिवाण मनुभाई मेहतांची लेक. दिवाण बडोदे संस्थानचे. म्हणजे अगदीच बाहेरच्या नव्हत्या हो काका.

कोठीवरचा कारकून
मान्य. दिवाणांच्या कन्या. शिवाय संविधान सभेत बसल्या होत्या आणि मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन'चं 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करायला लावलं त्यांनी. सूनबाईंचं असं काही असलं तर कळवा, मी गदा घेऊन येतो.

वाडी रंगमहाल
बाबासाहेबांचं नाव घेतलंत म्हणून थांबलो. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, खरं. पण १९१७ मध्ये तेच बाबासाहेब बडोद्यात नोकरीला आले तेव्हा याच गावात कोणी खोली दिली नाही, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी काढलं, कमाटीबागेत झाडाखाली बसले. राजा चांगला असून गाव कसं होतं ते बघा. संस्थापकाच्या चांगुलपणावर पोराचं भागत नाही, हे आमच्या घरात तीन पिढ्या सांगतात. माझ्या पुतणीची सरकारी स्कॉलरशिप उशिरा जमा झाली तर तुमच्या त्या नंदनवनात तिला परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉलतिकीट नाकारलं. वडिलांनी रात्री नऊला बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. पाटल्या अजून तिथेच आहेत.

बडोदेकर ७१
हे मला माहीत नव्हतं. मी स्कॉलरशिपवाल्यांबद्दल काही म्हटलेलं नाही.

वाडी रंगमहाल
बालवाडी काढा म्हटलंय ना पोस्टीत. आम्ही आधी पाटल्या सोडवतो.

इंदूरी जावई
आमच्या इंदूरकडून नमस्कार, सासुरवाडीच्या भांडणात जावयाने पडू नये पण राहवत नाही. फी ठरवायचा अधिकार सरकारचा की मालकाचा, ही लढाई सुप्रीम कोर्टात नेली ती मध्य प्रदेशच्या खाजगी कॉलेजवाल्यांनीच, मॉडर्न डेंटल केस, २०१६, पाच न्यायाधीश. म्हणणं असं की आम्ही फी ठरवू, परीक्षा आम्ही घेऊ, सरकार कोण? कोर्टाने राज्याचा कायदा कायम ठेवला. आणि छत्तीसगढचं आठवतं का, २००२ चा कायदा काय झाला, शंभराच्या वर प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या, काही तर नुसत्या पाटीवर. प्रोफेसर यशपाल स्वतः कोर्टात गेले, २००५ मध्ये सगळ्या रद्द. संस्थापक सगळे समाजसेवकच होते बरं का.

बडोदेकर ७१
सरकारी तपासणीचं कौतुक नको. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्याच कमिटीतल्या लोकांना फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने आंध्रच्या एका अभिमत विद्यापीठाच्या प्रकरणात लाचेच्या आरोपावरून उचललं. तपासणारेच असे, तर शेठने काय आरती ओवाळायची?

कोठीवरचा कारकून
लाच देणारा कोण होता त्यात? तपासणाऱ्याने स्वतःच्या खिशातून स्वतःला दिली नसणार.

मास्तरीण
आणि मोठ्या नावांचं काय वेगळं आहे? हरयाणातल्या अशोका युनिव्हर्सिटीत दीड-दोनशे देणगीदार, एकाच घराण्याचा कारभार नाही, तरी २०२१ मध्ये प्राध्यापक प्रताप भानू मेहता राजीनामा देऊन निघाले आणि नंतरच्या निवेदनात 'संस्थात्मक प्रक्रियेत काही त्रुटी' राहिल्याचं कबूल करावं लागलं. निदान कबूल तरी केलं. आमच्याकडे त्रुटी म्हणजे पाकीट न आणणं.

निम्मा गुजराती
कर्व्यांचं कोणी काढलं नाही अजून, मराठी धागा आहे ना हा? १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, सरकारची मान्यता नाही, म्हणजे आजच्या भाषेत प्रायव्हेटच. ठाकरसींनी १५ लाख दिले ते आईचं नाव लावायच्या अटीवर. पाटीवर नाव ठाकरसींच्या आईचं, अण्णांचं नाही. आत्ताच्या शेठचं नाव गेटवर, बसवर, वहीवर, आणि पाण्याच्या बाटलीवर.

दांडियाबाजार
बाटलीवर असलं तरी चालेल, पण महाराजांच्या घोड्याचा विषय आता काढायचा नाही. आणि कारकूनसाहेब, सेनेट सिंडिकेटचं फार सांगू नका, २०२३ च्या पब्लिक युनिव्हर्सिटीज ॲक्टने आपल्या एमएसयूचं सेनेट गेलंच. आमचे एक काका तिथे उभं राहून पंख्यांच्या खरेदीवर चाळीस मिनिटं बोलले होते. आता ते काका कुठे बोलणार?

कोठीवरचा कारकून
हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. सरकारीतही विचारायची जागा गेली. म्हणूनच म्हणतो, निदान पावती तरी वाचा. एलएलपीचे पार्टनर कोण ते एमसीएच्या (कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर बघता येतं. मी भाचीची बघितली. दोन पार्टनर, आडनाव एकच, पत्ता युनिव्हर्सिटीचा, ॲडमिन ब्लॉक, पहिला मजला.

बडोदेकर ७१
ठीक आहे, एवढं चाललंय म्हणून मुलाची फाईल काढली. तीन नाही, चार पावत्या आहेत.

निम्मा गुजराती
चौथी कसली?

बडोदेकर ७१
फाउंडर्स डे. साडेसातशे. दर वर्षी.

वाडी रंगमहाल
गदा चांदीचीच होती ना हो?

बडोदेकर ७१
हसा. मुलाची इंटर्नशिप तरी चालू आहे.