एफएसएक्स आणि जादा कोर

एफएसएक्स, म्हणजे ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ हा विमान उडवण्याचा संगणक-खेळ, प्रोसेसरचा एकच कोर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) वापरतो, असं एक मत आहे. ते २००६ च्या मूळ आवृत्तीपुरतं ठीक आहे. २००७ मध्ये सर्व्हिस पॅक १ हा सुधारणांचा संच आला, तेव्हापासून जमिनीचं टेक्स्चर (पृष्ठभागाचं चित्र) तयार करणं, ऑटोजेनची, म्हणजे खेळ आपोआप मांडतो ती, झाडं-घरं लोड करणं ही कामं बाकीच्या कोरवर वाटली जातात. विंडोजमधला टास्क मॅनेजर, जिथे प्रत्येक कोरच्या कामाचा आलेख दिसतो, उघडा ठेवून उडा. नवा भूभाग लोड होऊ लागला की या बाकीच्या कोरचे आलेख वर चढतात. पण विमानाचं गणित आणि चित्र काढणं मुख्यतः एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच कोरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालतं, आणि फ्रेमरेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, बहुतेक वेळा तिथेच अडतो. त्यामुळे नवा प्रोसेसर घेताना कोरची संख्या नंतर, आधी एका कोरचा वेग बघा. जमीन धूसर दिसत असेल तर मात्र जादा कोर खरंच कामी येतात.